गाठीसकट साडी

जामनगरच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासायच्या रांगेत कांचनबेन उभ्या होत्या, पण कान पुढच्या बाकाकडे होते. तिथं कापडाला दोऱ्याच्या बारीक गाठी मारून, ते रंगवून बांधणीच्या साड्या करणाऱ्या झुबेदाबेन आणि त्यांचा पुतण्या युनूस यांची चांगलीच जुंपली होती.

"काकी, राजकोटच्या शोरूमवाल्यानं चाळीस साड्या मागितल्या आणि तू त्याला परत पाठवलंस?"

"गाठी सोडून, इस्त्री करून हव्या होत्या त्याला."

"मग द्यायच्या! गाठींनी चुरगळलेलं बोचकं बघून गिऱ्हाईक पळतं."

"पळू दे. गाठीच सोडल्या, तर माझी साडी कुठली आणि गिरणीतली छापील कुठली, हे कसं कळणार? दोन्ही एकाच फळीवर ठेवील मेला."

"बरं, छापील दुपट्टे तरी ठेव सोबत. खपतात."

"दुकान थाटायचं नाहीये मला. माझी खाट, माझा दोरा आणि एक रंगारी. एवढ्यात मावतं ते बास."

"आणि गिऱ्हाइकं किती? तीन!"

"तिघींनी खाली बसून स्वतःच्या हातानं साडी ताणली, गाठी तडतड सुटताना ऐकल्या. एकीनं तरी घासाघीस केली? उलट आता नणंदांना घेऊन येतायत."

"डोळे चाललेत तुझे, काकी."

"म्हणून तर! उरलेली नजर ऐऱ्यागैऱ्यांसाठी घालवू?"

कांचनबेनना राहवलं नाही.

"बेन, वैशाखात माझ्या मुलीचं लग्न आहे. तुमचीच साडी हवी मला. फक्त गाठी तेवढ्या सोडून, इस्त्री करून..."

"युनूस," झुबेदाबेन म्हणाल्या, "यांना त्या शोरूमचा पत्ता लिहून दे."