पाहुणचाराची धूळ

ज्याने कुणी हा अभ्यासक्रम आखला ना, त्याने जन्मात कुणाच्या घरी धड चहा घेतलेला नाही, तुम्हाला सांगते… नाहीतर चारशे पानांच्या पुस्तकात धूळ कशी मोजायची ते लिहिलं, आवाज कसा मोजायचा ते लिहिलं, आणि माणसं प्रेमाने वागायला लागली तर काय करायचं, त्यावर एक ओळ नाही? कामाच्या जागी माणसाच्या तब्येतीला काय काय खातं ते शोधायचं, असं आमचं शिक्षण. शेवटची परीक्षा काय, तर एकाच कामगाराच्या श्वासातली धूळ तीन दिवसांत मोजून आणायची. सोपं आहे ना? मलाही वाटलं होतं.

मला मिळाला कैरोच्या कडेचा दगडकामाचा कारखाना. मालक हाज बय्यूमी. आणि कामगार अतियाकाका, एकोणीस वर्षं ग्रॅनाइटच्या कडा घासतायत, तेही कोरड्या, आणि खोकला असा की दोन वाक्यांत एक बसतो. हाजना म्हटलं, पाणी सोडून घासा की. तर म्हणाले, "गटार तुंबतं. आणि धूळ जास्त आहे म्हणतेस, कागद आहे तुझ्याकडे?" नव्हता. म्हणजे बघा, माझं प्रमाणपत्र राहिलं बाजूला, काकांची छाती त्या एका कागदावर अडकली.

पहिल्या दिवशी काकांच्या पट्ट्याला छोटा पंप लावला, कॉलरजवळ गाळणी, म्हटलं, "काका, रोजच्यासारखं काम करा." तेवढ्यात हाज ओरडले, "अरे, इंजिनियरबाई आल्यायत, पाणी मारा!" मी इंजिनियर नाही हो, रसायनशास्त्र शिकले, पण आमच्याकडे चष्मा असला की इंजिनियर. अंगणात पाणी, भिंतीवर पाणी, घासायच्या दगडावरसुद्धा दिवसभर नळी धरून पाणी. मी म्हणते, राहू द्या, आणि काका मलाच रागावतात, "पाहुण्याच्या तोंडावर धूळ उडवायची? शोभतं का?" संध्याकाळी गाळणी बाळाच्या झबल्यासारखी पांढरी. आता सांगा, मी मोजायचं काय?

दुसऱ्या दिवशी हात जोडले, पाणी नको. नाही मारलं बिचाऱ्यांनी. दिवसभर मशीन चालली, मी खुशीत, आणि संध्याकाळी बघते तर गाळणीला प्लास्टिकची पिशवी, वर दोरा, वर गाठ. काका म्हणाले, "एवढी महागाची वस्तू, पोरी. मळली असती तर तुला बोलणी बसली असती." काय बोलणार या माणसाला? स्वतःच्या नाकाला नाही, गाळणीला पिशवी… आम्हाला शिकवणाऱ्या समीहा मॅडमनी ती कोरी गाळणी उजेडात धरली आणि विचारलं, "रदवा, हा कारखाना आहे की बाग?" आता सांगा, मी मोजायचं काय?

घरी विचार केला. पंपात दोष नाही, गाळणीत नाही. दोष माझ्यात. मी पाहुणी आहे.

तिसऱ्या दिवशी सातला गेले, भावाची जुनी पँट घालून, आणि तडक मोरीवर बसून चहाचे ग्लास घासायला लागले. तिथे चहा करणारी एक बाई आहे, सगळे तिला हानीची आई म्हणतात. ती धावत आली. "अगं, ऊठ! लोक काय म्हणतील, पाहुणीला मोरीवर बसवली?" म्हटलं, म्हणू देत. ग्लास घासले, चहा वाटला, नाश्त्याच्या उसळीचं पातेलं खरवडलं. नऊ वाजता चहा गार म्हणून एकाने तोंड वाकडं केलं, आणि दहाला हाज खेकसले, "ए रदवा, वाटेत काय उभी राहतेस? सरक तिकडे!"

तुम्हाला सांगते, पदवीदान समारंभातसुद्धा एवढा आनंद झाला नव्हता.

काकांच्या पट्ट्याला पंप लावला, गाळणी उघडीच राहिली, आणि मशीन सुरू झाली, कोरडी. पांढरं धुकं उठलं आणि त्यात काका दिसेनासे झाले, नुसता खोकला ऐकू येत होता. मला हवं होतं ते मिळत होतं, आणि तोंडावर मास्क बांधून मी ते बघत उभी होते… लाज वाटली. खरंच वाटली.

प्रयोगशाळेतून आकडा आला, मर्यादेच्या कितीतरी पट. कागद घेऊन गेले, पण हाजनी कागद वाचलाच नाही. ते गाळण्याच बघत बसले, पहिल्या दिवशीची पांढरी, तिसऱ्या दिवशीची राखेसारखी. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी पाणी मारलं होतं, म्हणून?"

"हो."

"ते तुझ्यासाठी मारलं होतं."

"माहीत आहे, हाज. काका तर एकोणीस वर्षं येतायत."

म्हटलं, आता हाकलतात. तर त्यांनी नळवाल्याला फोन लावला, आणि वर त्याच्यावरच डाफरले, "गटाराचं मी बघतो, तू पाइप घेऊन ये."

आता तिथे पाण्याखालीच घासतात. गटार दर गुरुवारी तुंबतं, हाज दर गुरुवारी मला शिव्या घालतात, काकांचा खोकला काही जाणार नाही, पण वाढत तरी नाही. प्रमाणपत्र मिळालं, ते दाखवायला परवा गेले, चांगले कपडे घालून, ऐटीत खुर्चीवर बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, चहाचं नाव नाही. शेवटी म्हटलं, "हानीच्या आई, चहा?"

तिने मान वर न करता सांगितलं, "पातेल्यात आहे. घे ओतून, आणि मोरीतले ग्लास विसळून ठेव."