अक्कासाठी धुळ्याहून आणलेला टब

माझं माहेर भडगावच्या अंगाले, गिरनेच्या काठी. तिकडची बोली अहिरानी, आम्ही आहे ले शे म्हनतो, सगयाले बठ्ठा म्हनतो. लगीन करून इकडे सावद्याजवयच्या या गावात आली तं इथं केयीच्या, म्हंजे तुमच्या केळीच्या, बागा, पान्याले तोटा नाही, घर भरलेलं, पन मी पानी शे का म्हनली का पोरीसोरी तोंडावर पदर घेऊन हसायच्या. अक्का हसायची नाही. अक्का म्हनायची, इथं राहायचं तं इथलं बोल. मंग मी बोलनंच कमी केलं. आता बोलते ते असं झालं, धड तिकडचं नाही धड इकडचं नाही, तुम्ही लिहिताना नीट करून घ्या, ताई.

यमुनाअक्का म्हंजे माझी ननंद, आमच्या ह्यांची मोठी बहीन. ह्यांले सारं गाव नाना म्हनतं, मीबी नानाच म्हनते. अक्काच्या नवऱ्यानं दुसरी बाई घरात आनली तवा अक्का आपली पेटी डोक्यावर घेऊन माहेरी चालत आली. कोनाले काही बोलली नाही, रडली नाही, दुसऱ्या दिवशी बागेत दारं धरायले उभी राह्यली. थंडीच्या दिवसात पहाटची वीज आली का गुडघ्याइतक्या गार पान्यात उभी राहून या आयीतून त्या आयीत पानी फिरवायची, गड्याहीच्या बरोबरीनं. घराच्या किल्ल्या तिच्या कंबरेले. मले तिनं कधी शिवी दिली नाही, हात लावला नाही, पन गोड शब्दबी नाही. माझं पहिलं बायंतपन अवघड झालं, तं माहेरी निरोप तिनं चांगला उशिरा धाडला, मी बरी झाल्यावर. माझी माय आली अन् उंबऱ्यातच बसून रडली, म्हने मेली असती तं राख पाहायले बोलावलं असतं का. अक्का म्हने, मेली नाही ना. अशी ती. पन माझी तिन्ही लेकरं तिच्याच कुशीत झोपली, हेबी सांगते, एकच बाजू सांगू नाही मानसाची.

मंग तिचे हात धरले. आधी बोटं, मंग मनगट, मंग गुडघे. सकायी उठली का मूठ वयायची नाही. किल्ल्यांचा जुडगा तिनं एक दिवस मुकाट्यानं माझ्यासमोर ठेवला, म्हने कुलूप फिरत नाही मले. जळगावच्या डॉक्टरनं सांगितलं संधिवात आहे, गोया दिल्या, गोयांनी पोटात आग पडली. मंग कोनी म्हने चोपड्याकडे उनपदेवले न्या, तिथं जमिनीतून ऊन पानी निघतं. गेलो आम्ही दोघी, एसटीनं, गाड्या बदलत. तिथं बाया कुंडात बसतात, अक्काबी बसली गयाइतक्या पान्यात, डोये मिटून, बरीच येय. बाहेर आली, कोरडं लुगडं नेसली अन् पाहते तं काय, तिनं आपल्या हातानं केस विंचरून अंबाडा घातला. दोन वर्सं तिचा अंबाडा मी घालत व्हती, ताई. बसमधी ती हाताची बोटं उघडायची, मिटायची, उघडायची, मिटायची, सावद्यापर्यंत तेच.

चार दिवसांनी पुन्हा तसंच. आता रोज उनपदेवले कोन नेनार? तवा मी म्हनली, पानीच घरी आनू. नाना म्हने शिमिटाचा हौद बांधतो. अक्का म्हने हौद म्हशीसाठी बांधतात. घंगायात तिचे नुसते पाय मावायचे. शेवटी नानांनी औषधाचं मोठं निळं पिंप आनलं, धुतलं, वरून कापलं, कडा घासल्या. स्टूल लावून अक्काले आत उतरवलं, ऊन पानी टाकलं, तिले बरं वाटलं. पन निघता येईना. गुडघा वर उचलत नाही, हातानं जोर देता येत नाही, आत बसायले जागा नाही, उभी राहून थरथरायले लागली. मी ओढू पाहते तं वरडे. शेवटी नानाले आत बोलवावं लागलं, सख्खा भाऊ असला तरी भाऊ, त्यानं तोंड फिरवून पिंप आडवं केलं अन् अक्का पान्यासंगं मोरीत वाहत आली. तवा रडली ती. नवऱ्याचं घर सोडलं तवा नाही रडली, तवा रडली. म्हने, मले परत पान्यात घालायचं नाव काढू नका, पडली तशी पडू द्या. अन् खरंच पडली. खाट सोडेना. जेवन खाटेवर. डॉक्टर म्हनला हिले चालवा, नाही तं सांधे आखडून बसतील, मंग काही करता येनार नाही.

मले काय झालं काय माहीत, मी पेटलीच. नानाले म्हनली, बाईले पान्यात कसं उतरायचं ते बाईले समजतं, तुम्ही यात पडू नका, मी पाहते. अन् अक्काले म्हनली, जळगावले डॉक्टरकडे जायचं आहे, लुगडं बदला. खोटंच.

भाड्याची गाडी केली अन् जळगावले नळ-फरशीच्या मोठ्या दुकानात नेली तिले. तिथं फायबरचे टब मांडलेले, गुलाबी, पोपटी, आपल्या लग्नातल्या मिठाईसारखे. आम्ही दोघी नऊवारीतल्या, हातात पिशवी. दुकानातला मानूस बरा व्हता, हसला नाही, म्हनाला, मावशी, बंगला बांधताय का? मी म्हनली, नाही, ही बाई पान्यात बसवायची आहे. अक्का म्हने, मी नाही बसनार, चल घरी. त्यानं गुलाबी टब दाखवला, म्हनाला, हा बघा, याच्यात पाय पसरून आरामात झोपता येतं, बाजूला धरायला कडी आहे. मी अक्काले म्हनली, बसून पाहा. ती म्हने, लोक पाहू राह्यले. मंग मी म्हनली, तुम्ही नाही तं मी. चप्पल काढली, काष्टा सावरला अन् त्या टबात जाऊन निजली. भर दुकानात.

निजली तं निजली, पन उठता येईना, व माय! गुळगुळीत एवढा का पाय टेकवायले गेली का घसरे, कडी धरली तं ती एवढीशी, मुठीत धरता येईना, मी कुशीवर होते, पुन्हा पाठीवर येते, उलट्या पडलेल्या किड्यासारखी. दोन गिऱ्हाइकं थांबली, हिशेब लिहिनारा गल्ल्यावरून उठून आला. अन् मागून आवाज आला, मले वाटलं अक्काले ठसका लागला. ती हसू राह्यली व्हती. भिंतीले टेकून, पोट धरून, डोयातून पानी. एवढ्या वर्सांत मी तिले तसं हसताना पाह्यलं नव्हतं. म्हने, अगं बये, धडधाकट असून तुले निघता येईना तं मले यात जीतं पुरते का?

त्या मानसानं मले हात देऊन काढलं. तो म्हनाला, मावशी, तुम्हाला झोपायचा नको, बसायचा टब पाहिजे. तसा इकडे मिळत नाही. पण धुळ्याला आग्रा रोडवर एका हॉटेलवाल्यानं आणला होता, आत बसायला कट्टा असलेला, गरम पाण्याचा. त्याचं काही जमलं नाही. थांबा, फोन करून विचारतो. त्यानं दुकानाचा माल विकायचा सोडून फोन लावला, पाहा, असे लोक असतात. पलीकडून सांगितलं, घेऊन जा बाबा, जागा अडली आहे.

आता धुळं काही जवय नाही. मले वाटलं अक्का नाही म्हनेल. ती म्हने, आलोच आहोत तं पाहून घेऊ.

हॉटेलच्या मागे, ताडपत्रीखाली, तो टब पडलेला. पांढरा, चौकोनी, खोल, चार मानसं समोरासमोर बसतील एवढा. आत कोंबडी अंड्यावर बसलेली. हॉटेलवाला म्हनाला, मोठ्या लोकांसाठी आणला, पण भरेपर्यंत पाणी गार होतं, अन् आमच्याकडे येतात ट्रकवाले, त्यांना बादली पुरते. त्याच्या बायकोनं कोंबडी उचलली, टब झाडला. आत एका बाजूले पायरी, मंग बसायचा कट्टा, अन् वरची कड रुंद, हाताचा सारा पंजा बसेल अशी. अक्का बरीच येय पाहत राह्यली. मंग मले म्हने, तू हात लावू नको. स्टुलावर चढली, पाय आत घेतला, पायरीवर टेकला, कडेले कोपर टेकवून हळूहळू कट्ट्यावर बसली. कोरड्या टबात, रस्त्यावरून ट्रक चालले आहेत अन् ही बसली आहे मांडीवर हात ठेवून. मंग तशीच कोपरानं जोर देऊन उठली, आपली आपन बाहेर आली. म्हने, हाच. किमतीचं तिनंच ठरवलं, तिथं मले बोलूबी दिलं नाही.

केयी टाकून नाशिकहून रिकामा येनारा आमच्या गावचा ट्रक व्हता, त्याच्यात घालून आनला. गाव गोया झालं, कोनी म्हने नानानं होडी आनली, तापीत मासे धरनार. दारातून जाईना तं मागच्या पडवीत ठेवला, चारी बाजूनं पत्रे मारले. बुडाले पानी फिरवनाऱ्या मोटारीची भोकं व्हती, नानांनी ट्यूबचं रबर लावून बुजवली, पहिल्या दिवशी सारं पानी गयून गेलं, पुन्हा बुजवली. लग्नातला मोठा हंडा काढला, बंब होताच, पऱ्हाटीचा, कपाशीच्या सुक्या काड्यांचा, जाय घातला. गार होतं तं होऊ दे, हंडा चुलीवर आहे ना, वरून टाकत राहायचं. वापरलेलं पानी छोटी चारी खोदून केयीले सोडलं.

पहिल्या दिवशी अक्कानं सगयाहीले बाहेर काढलं, मले म्हने तू थांब. आत उतरली, बसली, मान मागे टेकवली. मी पाठ चोयत व्हती. वाफेत तिचं तोंड दिसेना. तशीच म्हने, इंदू, मी तुझ्या जागी असती ना, तं मी नसतं केलं हे. मी म्हनली, माहीत आहे मले. ती म्हने, तुझ्या मायले मी निरोप मुद्दाम उशिरा धाडला व्हता. मी म्हनली, तेबी माहीत आहे. मी आपली हंड्यातलं पानी तांब्या तांब्यानं टाकत राह्यली. राग नव्हता असं नाही, ताई. व्हता. पन हात थांबले नाहीत, एवढं खरं.

बरी झाली असं नाही म्हननार. बोटं वाकडी झाली ती झालीच. पन खाट सुटली. काठी घेऊन बागेच्या बांधापर्यंत जायची, घडाले हात लावून पाहायची, गड्याले रागं भरायची. गल्लीतल्या गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या यायले लागल्या, तं दोघी-दोघी बसवायची, कोन आधी कोन मंग ते तिचंच राज्य. तिघी बसल्या का पडवीतून असा गलका, नाना म्हने बाजार भरला. माझ्या मोठ्या मुलीच्या लग्नात अक्का मांडवात उभी राह्यली, आपल्या हातानं अक्षता टाकल्या. गेल्या हिवायात गेली ती. दुपारी जेवली, म्हने जरा टेकते, टेकली ती टेकलीच. दुखनं नाही, कन्हनं नाही. शेवटची आंघोय मीच घातली, ऊन पान्यानं.

आता माझेच गुडघे बोलतात. अक्काइतकं नाही, पन थंडीत उकिडवं बसवत नाही. नाना म्हनतात तूबी बसत जा, बसते. एकटी एवढ्या मोठ्या टबात बसायले आधी कसंतरी वाटायचं, आता शेजारची सुभद्रा येते, दोघी बसतो, पोरांचं बोलतो, केयीच्या भावाचं बोलतो. आनखी काय सांगू तुम्हाले? मानूस मनानं बरं का वाईट, ते ठरवनारी मी कोन, दुखते तिथं ऊन पानी टाकावं एवढं मले समजतं. तुमचे हातपाय चालते राहो, ताई, घरी म्हातारं कोनी असेल त्याचेबी राहो. चहा पिऊन जा. सुभद्रा आली वाटतं, मी जाते, पानी गार झालं का मंग त्यात मजा नाही.