जिन्याखालचा कॅरम

...नाही, तुम्हीच सांगा, तीन म्हाताऱ्यांनी जिन्याखाली कॅरम खेळला तर इमारत पडते का हो? पण आमच्या सोसायटीचे अध्यक्ष! टिचक्यांचा आवाज होतो म्हणून बोर्डच उचलून ऑफिसात कुलूपबंद केला, वर जिन्याखाली स्वतःची नवी गाडी आणून उभी केली. माझं सोडा, मला घरी भांडायला बायको आहे, पण आमचा शिंपी? बायको गेल्यापासून बिचारा शिलाई मशीनशीच बोलतो, तोंडून चार शब्द फुटतात ते त्या बोर्डापाशीच, तेही मला शिव्या! आता त्यानं शिव्या कुठे द्यायच्या? तुम्हाला सांगतो, हक्क आहे आमचा, हक्क!

हे मी नाही म्हणत, माझी शाळा पाटीपुरतीच झाली, सूनबाई म्हणते, ती वकील आहे. तिनं इमारतीचा मंजूर नकाशाच अध्यक्षांच्या नाकाखाली धरला, की ही जागा कायद्यानं रहिवाशांच्या विरंगुळ्याची, इथे गाडी लागत नाही. गाडी निघाली मुकाट, पण माणूस पक्का... म्हणाले, "जागा घ्या की. कायद्यात बोर्ड कुठे लिहिलाय?"

नाही ना लिहिला? मग बोर्डाशिवाय! मी, शिंपी आणि निवृत्त पोस्टमन रिकाम्या स्टुलाभोवती बसलो, मी हवेत पावडर भुरभुरवली, शिंप्यानं हवेतच नेम धरून टिचकी मारली आणि माझ्यावर खेकसला, "कोपर मागे घे, चोरा." काय गार वाटलं म्हणून सांगू! जिन्यावर ही गर्दी, दूधवाला तर कॅन खाली ठेवून बसला, आणि अध्यक्ष आले तणतणत, पण जप्त काय करणार, माझं बोट? हक्क आहे आमचा, हक्क! राहिले बघत उभे... शिंप्यानं राणी घेतली, मी म्हटलं कव्हर झालं नाही, तो म्हणाला झालं, आणि मागून अध्यक्ष म्हणतात कसे, "झालं कुठे? सोंगटी भोकाच्या काठावर थांबली. मी बघितली ना."

शिंपी मानही वर न करता म्हणाला, "साहेबांना दिसतोय बोर्ड. मग आणा की."

आणला हो! स्वतः पुसून आणला, मांडला... आणि चौथी जागा रिकामी बघून बसले माझ्यासमोर, माझे भिडू म्हणून! रोज येतात, स्ट्रायकरच भोकात घालतात, वर मलाच नियम शिकवतात. सूनबाईला विचारलं, यावर काही कलम? म्हणाली, "हक्क सगळ्या रहिवाशांचा, बाबा. तेही रहिवासीच."

म्हणजे बघा, हक्काची लढाई जिंकलो, आणि तेव्हापासून रोज हरतोय.