चौथा मार्ग

नाही म्हणलं ना बाई, अनुपमा घरी नाही — मामाच्या गावाले गेली, रोहिणखेडले, परवाच गेली — तुम्ही एवढ्या उन्हात मेहकरहून एस्टीनं आल्या, मले वाईट वाटते, पण नाही तर नाही. पाणी घ्या. बसा घडीभर ओट्यावर, इथं सावली आहे, परतीची गाडी काही लगेच नाही. तुम्ही कालेजातल्या त्या विम्याच्या म्याडम ना? आवाजावरून ओळखलं. अनू तुमची नक्कल करून दाखवते — रागावू नका, मायेनं करते — फळ्याकडे तोंड करून बोलता अन मंग एकदम वळून म्हणता, समजलं का, मागच्या बाकावरचे? सोमवारी पेपर आहे, माहीत आहे मले. हातात काही पांढरं दिसते तुमच्या, हॉलतिकीटच असन ते. ठेवून द्या इथं, आली की देईन तिले. काऊन? नाही ठेवत? बरं, नका ठेवू.

कोणता आवाज? तो होय — तो रेडिओ. म्हणजे सुनेचा मोबाइल राह्यला घरात, त्याच्यात कोणी बोलून राह्यलं. "परम विश्वासाचे तत्त्व" म्हणते? म्हणत असन बाई, मोबाइल आजकाल काय नाही बोलत.

हासल्या ना तुम्ही. मले बी हासू आलं. साठ वर्षांपासून या ओट्यावर बसून गावाचं खरं-खोटं निवडते मी, अन माह्यं स्वतःचं एक खोटं दोन घोट पाण्याइतकं टिकलं नाही. आहे ती घरात. त्या मधल्या खोलीत. सकाळपासून तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती, तुमचा आवाज ऐकला तशी मोठ्यानं वाचून राह्यली — मले नाही ऐकवत, तुम्हाले ऐकवते. हो, कुलूप आहे. मी आडवी बसली तरी दिसलं तुम्हाले. ते काही तिच्यासाठी नाही, मांजर शिरते दुधावर… बाई, असं पाहू नका माह्याकडे, मले चेहरा दिसत नाही पण पाहणं समजते. चावी माह्याजवळ कुठची? म्हाताऱ्या माणसाजवळ कोण देते चावी.

ऐका, ऐका, कसं वाचते. तुमच्या विषयाचं पूर्ण नाव सांगू? विमा आणि जोखीम व्यवस्थापन. मी अंगठा लावते, बाई, अक्षराची ओळख नाही, पण हे नाव मले येते अन माणिकरावाले येत नाही, तीन वेळा ग्रामपंचायतीत निवडून आला तरी. अनूले मनातल्या मनात वाचलेलं राहत नाही, तिले मोठ्यानं वाचावं लागते, अन मोठ्यानं वाचायचं तर ऐकणारं कोणी पाहिजे, अन या घरात रिकामे कान माह्येच. तीन वर्षं झाली, बीकॉमचं सगळं माह्यापाशी बसून वाचलं. डोळ्यावर पडदा आला माह्या, पण एकदा कानात पडलं ते आजवर बाहेर गेलं नाही. ती अडली की मी पुढचं सांगे — ती म्हणे, आजी, पेपरले तूच बस, मी मेथी निवडते.

अन तो तुमचा प्रकल्प — गावातली जोखीम मोजायचा — त्याच्यात तुम्ही तिले वर्गात पहिली काढली ना? त्यातले अर्धे मार्क माह्ये आहेत, लपवून कशाले ठेवू. ती वही घेऊन घरोघरी फिरे अन विचारे, काकू, तुमच्या घरी काय काय बिघडू शकते? लोक म्हणत, पोरी, तिन्हीसांजेचं शुभ बोल. एका बाईनं तर मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या ती गेल्यावर. मंग मी म्हणलं, लोकाच्या उंबरठ्यावर कशाले उभी राहतं, मले विचार. पन्नास वर्षांचं सांगतलं तिले — कोणाच्या गंजीले आग लागली, कोणाच्या बैलजोडीवर वीज पडली, साप कोणाले चावला अन कोणत्या वारी, विहिरीत कोण गेलं, पाय घसरून गेलं का मनानं गेलं, ते बी. मले साल आकड्यात नाही येत. पैनगंगेले मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या वर्षी, आमची काळी गाय व्याली त्या उन्हाळ्यात — असं येते. तिनं ते सगळं आकड्यात बसवलं. तुम्ही विचारलं म्हणे, ही माहिती कोणत्या दप्तरातून आणली? तर म्हणे, आजीच्या.

शेवटी आपलं घर राह्यलं. म्हणे, आजी, आपल्या घरची जोखीम सांग. मी म्हणलं, लिही — मोटारीचा स्टार्टर, पावसाळ्यात झटका देते. माह्ये डोळे. अन तुह्या बापाचा राग. तिनं पहिल्या दोन लिहिल्या. तिसरीले म्हणे, आजी, याचा विमा होत नाही.

इंद्रभान? अनूचा बाप नाही घरी. तो अन सून बस्त्याले गेले, मेहकरलेच, पाच वाजताच्या गाडीनं येतात. शुक्रवारी लग्न आहे ना. तुम्हाले माहीत नाही? मले वाटलं पूनमनं, तिच्या मैत्रिणीनं, सांगतलं असन, तिनंच धाडलं ना तुम्हाले इथं? धामणगाव बढ्याचा पोरगा आहे, राजकुमार, खत-बियाण्याचं दुकान आहे. वाईट नाही पोरगा. बोलतानी खाली पाहते, एवढंच. बस्त्याले नवरीले नाही नेलं. असं मी या जन्मात पाह्यलं नव्हतं, बाई — माह्या बस्त्याले मी गेली होती, बैलगाडीत, माह्या बापानं दुकानदाराले म्हणलं, पोरीच्या हातात दे लुगडं, अंगावर तिच्या राहणार आहे. अन हिचा शालू हिची माय स्वतःच्या खांद्याले लावून पाहीन. पण कसं नेतील? तिथंच कालेज. गाडीतून उतरली अन नीट तुमच्या वर्गात जाऊन बसली तर?

ती म्हणे, बाबा, सोमवारचा पेपर देऊ द्या, शुक्रवारी तुम्ही म्हणान तिथं उभी राहते. खोटं नव्हती बोलत, मले तिचा आवाज समजते. पण इंद्रभान म्हणे, पेपर दिला की पास होईन, पास झाली की पुण्याले जाईन, एका दोरीत एक. त्याले कोणं शिकवलं हे? तुमच्या पुस्तकात जोखमीचे मार्ग चार आहेत — चुकलं तर सांगा — टाळावी, कमी करावी, सोसावी, नाही तर दुसऱ्यावर टाकावी. अनूनं वाचलं तेव्हा मी म्हणलं, पहिले तीन बायकायले आईच्या पोटातून येतात, चौथा कंपनीवाल्यायचा असन. अन पाहा, माह्या पोरानं एक दिवस वर्गात न बसता चौथाच धरला. पोरगी म्हणजे जोखीम, दे दुसऱ्याच्या दारी नेऊन. हप्ता नाही, कागद नाही, अक्षता पडल्या की हा मोकळा.

पुण्याचं त्याले कसं समजलं? ते… समजते, बाई. गाव आहे. त्या पुण्याच्या कंपनीनं तुमच्या वर्गातून दोघीले घेतलं, अनूले अन पूनमले, सहा महिने शिकवणार अन मंग नोकरी — गोष्ट काय झाकून राहते? अनू म्हणते पूनमनंच फोडलं. वीस दिवस झाले या कुलपाले, पूनम तीनदा आली, अन ही दाराआडून म्हणे, जाय, तुह्यं तोंड नको दाखवू. एका ताटात जेवलेल्या पोरी. तिसऱ्यांदा पूनम इथंच, तुम्ही बसल्या तिथं, पाय लोंबवून बसली अन रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. हात फिरवला, अन बोलली काही नाही.

नाही, पूनमनं नाही सांगतलं. ती कशाले सांगीन, तिचं काय जाते? ते तुमचं विमायोग्य हित काय आहे — शेजाऱ्याच्या म्हशीचा विमा आपल्याले काढता येत नाही, कारण ती मेली तर आपल्या घरचं दूध नाही आटत. ज्याच्या जाण्यानं आपलं जाते त्याचाच काढता येते. मी अनूले विचारलं होतं, तू पुण्याले गेली तर कोणाचं काय जाईन? ती म्हणे, बाबाचा चारचौघातला तोरा जाईन, आईचा कामाचा हात जाईन. मी म्हणलं, अन माह्यं? ती माह्या डोळ्यात थेंब टाकत होती तवा. म्हणे, हलू नको आजी, बाहेर पडतीन.

मंग मी मोजलं. ती सवय बी तिचीच, किती घरातून किती. या गावातून नोकरीले गेलेल्या पोरी पाच. परत किती आल्या? त्यातली महामाया, तिचा बाप वारला तवा दुसऱ्या दिवशी पोचली, गाडी मिळाली नाही म्हणे. अन लग्न होऊन गेलेल्या? त्या येतात, बाई. आखाजीले येतात, दिवाळीले येतात, बाळंतपणाले आल्या तर तीन तीन महिने. तुम्हीच सांगा, जिले उंबरठा दिसत नाही त्या म्हातारीनं कोणती जोखीम घ्यावी? अनूनं सांगतानी म्हणलं होतं, आजी, पेपर होईपर्यंत कोणाजवळ बोलू नको. दुसऱ्या सकाळी इंद्रभान दूध काढत होता, मी भिंत धरत धरत गोठ्यात गेली अन म्हणलं, पोरगी पुण्याले चालली, जवळपास कुठं स्थळ पाह्य तिच्यासाठी. जवळपास म्हणलं होतं मी. मेहकरात, नाही तर नदीपलीकडं, की सांजेले येऊन थेंब टाकून जाईन. त्यानं धामणगाव बढे काढलं. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाले, गाड्या बदलत जा, अर्धा दिवस जाते. अन कुलपाचं मी नव्हतं म्हणलं. कुलूप त्यानं आणलं अन चावी माह्या हातात ठेवली, म्हणे, माय, या घरात एक तूच भरवशाची.

परम विश्वास — माहीत आहे ते सगळं सांगावं, कोणी विचारलं नसलं तरी सांगावं. मी सांगतलं ना, बाई. ज्याले सांगायचं नव्हतं त्याले सांगतलं. अन वीस दिवस ती पूनमले नावं ठेवून राह्यली, मी या दाराले पाठ लावून ऐकून राह्यली, एका शब्दानं म्हणलं नाही की पोरी, मीच —

बाई.

वाचणं थांबलं का?

नाही, मले ऐकू येते, कानाचं काही नाही झालं माह्या. पान उलटत असन. पान उलटतानी थांबते ती, बोटाले थुंकी लावते, मी किती रागावली त्याच्यासाठी… एवढा वेळ नाही लागत पानाले. अनू? वाच ना वं. नुकसानभरपाईचं राह्यलं अजून, ते तुले अडते, "जेवढं नुकसान तेवढीच भरपाई" — त्याच्या पुढं काय आहे? मी सांगू? अनू, म्याडम ऐकून राह्यल्या.

पाणी पेत असन. माठ आहे आत.

मीच बोलून राह्यली, तुम्ही मले थांबवायचं होतं.

किती वाजले? साडेतीन. मंग उठा. ते हॉलतिकीट पर्समध्ये नीट ठेवा, घडी नका पाडू त्याले. गोठ्याच्या बाजूनं बोळ आहे, सरळ पूनमच्या अंगणात निघते, तिची माय अनूले सोमवारपर्यंत ठेवून घेईन, ती इंद्रभानले भीत नाही. तो पाचले आला की मी सांगीन त्याले. सांगायची मले सवयच आहे. हे घ्या — हो, कनवटीलेच होती, तेही खोटंच म्हणलं मी. कुलूप जरा अडते, चावी वर उचलून फिरवा.

नाही, मी नाही. तुम्हीच उघडा, बाई. मी उघडलं तर ती बाहेर येणार नाही.