नकू नावाची प्राध्यापिका

टण्ण!

ऐकलंत, मंडळी? स्वयंपाकघरात फुलपात्र पडलं. दुपारची वेळ, घर चिडीचूप, पोर झोपलेलं, पंखासुद्धा दबकत फिरतोय — आणि त्या शांततेत एक फुलपात्र फरशीवर गरगर फिरलं आणि थांबलं. आता खरं सांगा, आपल्या घरी भांडं पडलं तर आपण काय करतो? बसल्या जागेवरून ओरडतो, "काय पाडलंस गं?" उठत कोणी नाही. पण या घरात एक बाई उठली, धावली. ती का धावली, तेच आज सांगायचंय.

त्याआधी एक प्रश्न. माणसाचं खरं नाव कोणतं? बारशाला आत्यानं कानात कुर्र करून सांगितलं ते? की मोठं झाल्यावर आपलं आपण घेतलं ते? पेटीवाले काका हसताहेत. त्यांना सगळा गाव बापू म्हणतो. त्यांचं खरं नाव इथं कोणाला माहीत आहे? बघा, काकूसुद्धा आठवायला लागल्या!

तर ऐका. कराडातल्या एका कॉलेजात केतकी जगदाळे नावाच्या बाई समाजशास्त्र शिकवायच्या. समाजशास्त्र म्हणजे काय? आपल्याकडं संध्याकाळी ओट्यावर बसून चालतं तेच — कोण कसं वागलं आणि का वागलं — फक्त हे शिकून, पगार घेऊन करायचं. थट्टा सोडा, बाई मोठ्या कष्टाळू. त्यांच्या संशोधनाचा विषयही आपल्या कीर्तनात शोभेल असा. माणूस आतून जसा आहे तसा बाहेर राहिला, तर तो सुखी होतो का?

त्यासाठी त्या कोणाकडं गेल्या? ज्यांचं नाव नकोशी होतं अशा बायकांकडं. माणदेशातल्या काही गावांत मुलींच्या पाठीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव ठेवायचे नकोशी. देवाला कळावं म्हणून — आता मुली पुरे, मुलगा दे. अहो, देवाला निरोप द्यायचाच तर देवळात घंटा आहे की! लेकराच्या जन्मभराच्या नावावर निरोप लिहायचा?

यातल्या कित्येकींनी पुढं नावं बदलली. केतकीबाई त्यांच्या घरी जायच्या, चहा घ्यायच्या, हळूच विचारायच्या — नवं नाव घेऊन बरं वाटलं का? आता तुम्ही तुमच्यासारख्या वाटता का? काही बायका अगदी मोकळ्या झाल्या होत्या. काही मात्र नाव बदलूनही दचकून जगत होत्या, कोणी गावचं भेटलं की रस्ता बदलायच्या. बाईंना फरक सापडला. मोकळ्या बायकांच्या घरात जुनं नाव कोणाला तरी ठाऊक होतं, त्या ते हसत नाहीतर रडत सांगून टाकायच्या. दचकणाऱ्या लपवायच्या. बाईंनी निष्कर्ष लिहिला: लपवलेलं नाव माणसाला निवांत बसू देत नाही. मोठमोठ्या सभांमधून टाळ्या पडल्या.

आणि टाळ्या घेऊन घरी येणाऱ्या या केतकीबाईंचं पाळण्यातलं नाव काय? नकोशी.

चौथी मुलगी. पाठीवर भाऊ आला, म्हणून सगळे म्हणाले नाव फळलं. फळलं त्यांना. हिला काय मिळालं? शाळेत गुरुजींनी हजेरीला नकोशी म्हणायचा अवकाश, मागच्या बाकावरून कोरस यायचा, "नको, नको." मॅट्रिकच्या वर्षी वर्गाच्या बाईंनी विचारलं, नाव हेच ठेवायचं का? पोरीनं तिथल्या तिथं सांगितलं, केतकी लिहा. चुकलं का तिचं? मुळीच नाही, मंडळी. तुम्ही-आम्हीही हेच केलं असतं.

लग्न झालं, नवऱ्याला तेवढं सांगितलं. मुलगी झाली जुई, आता पाच वर्षांची, तिला काही ठाऊक नाही. नवऱ्याची बदली परगावी झाली, तो शनिवारी-रविवारी यायचा. तेव्हा पोरीला सांभाळायला गावाहून आई आली — हौसाबाई. नाव बघा. हौसाबाईंच्या पोटी नकोशी!

केतकीनं आईला स्टँडवरच बजावलं होतं, आये, इथं मला केतकी म्हणायचं. पोरीसमोर तर नक्कीच. म्हातारी बरं म्हणाली. घरी येऊन एकदा म्हणूनही बघितलं, "केतकी, चहा झाला." आणि स्वतःच मागं वळून पाहिलं, जणू दारात कोणी पाहुणी आलीय. पुन्हा काही जीभ वळली नाही. मग काय करायची? "अगं." नाहीतर "ऐकलं का." एका रविवारी ती "ऐकलं का" म्हणाली तर लेकीऐवजी जावई उठून आले. जुई हसून हसून लोळली. म्हातारी हसली नाही. हळूहळू तिनं बोलायचंच कमी केलं. काही हवं असेल तर लेकीच्या खोलीपर्यंत चालत जायची, दारात उभी राहायची, लेकीचं लक्ष जाईपर्यंत.

एक दिवस म्हणाली, मी उद्या सकाळच्या गाडीनं जाते. केतकीनं विचारलं, काय कमी पडलं?

"कमी काय बी न्हाई," हौसाबाई म्हणाली. "खायला हाय, टीव्ही हाय, नात गुणाची हाय. पर दिसभरात माझ्याच लेकीला एक हाक मारता येत न्हाई. असं मुक्यानं किती राहायचं?"

केतकी चिडली. चिडणारच. एवढ्या वर्षांत ज्या शब्दापासून ती लांब आली, तो आता आपल्याच घरात आणायचा? ती म्हणाली, "आये, सगळं चालेल, ते नाव मला माझ्या घरात नको."

नको म्हणाली, आणि आपलाच शब्द ऐकून दचकली. म्हातारीनं लुगडी पिशवीत भरली. दुसरा इलाज होता का? लेकीच्या मनाला बोचणारं नाव तोंडात घेऊन आईनं राहावं कसं, आणि आई अशी गेली तर लेकीनं निवांत झोपावं कसं?

आणि त्याच दुपारी — टण्ण!

म्हातारी पाणी घ्यायला उठली होती. भोवळ आली. फुलपात्र हातातून सुटलं, ओट्याचा आधार हाताला लागेना, आणि घाबऱ्या जिवाला ठरवलेलं काही आठवतं का? तोंडातून आलं, "नकू, धर गं..."

केतकी आतल्या खोलीत लिहीत होती. ती कधी उठली, तिला कळलं नाही. "आले गं आये" म्हणाली, तेही कळलं नाही. म्हातारी जमिनीला टेकायच्या आत तिनं कवेत घेतली. खाली बसवलं, तोंडात साखर घातली, पदरानं घाम पुसला.

थोडं बरं वाटल्यावर म्हातारी पहिलं काय म्हणाली? "चुकलं माझं. तोंडात आलं."

केतकीला रडू फुटलं. तिनं विचारलं, असं नाव तू ठेवू कसं दिलंस?

"नाव तुझ्या आज्ज्यानं ठिवलं," हौसाबाई म्हणाली. "मला कोण इचारतंय? समदी नकोशी म्हनायची. मला ते आक्खं म्हनवंना. निम्मं म्या गिळलं आन् नकू केलं. तेवढंच माझ्या हातात हुतं."

मंडळी, केतकीबाई कितीजणींच्या घरी गेल्या. ठेवलेलं नाव विचारलं, घेतलेलं नाव विचारलं. हाक कोण कशी मारायचं, हे विचारायचं राहूनच गेलं. नकोशी म्हणणारा सगळा गाव होता, नकू म्हणणारी एकटी आई होती. बाईंनी मागच्या बाकावरचा कोरस आणि ही हाक एकाच पोत्यात भरून शिवून टाकलं होतं. आता लगेच बोच गेली असं मी सांगणार नाही. असली बोच एका दुपारीत जात नाही. पण तिनं आईचा हात सोडला नाही, आणि म्हणाली, "आये, राहा. तुझ्या तोंडात येईल तसं बोलव."

आता तुमच्याकडं येते. आज घरी गेल्यावर जरा बघा, आपल्या घरात कोणी हाक गिळून बसलंय का. सुनेचं माहेरचं लाडाचं नाव आपण कधी विचारलं का? आणि आपण दुसऱ्याला ज्या नावानं बोलवतो, त्यात निम्मं गिळण्याइतकी माया आहे का, की मागच्या बाकावरचे आपणच आहोत?

अहो, पण पोरगी दारातच उभी आहे! भांड्याच्या आवाजानं जुई जागी झाली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं विचारलं, नकू कोण?

केतकीनं पोरीला जवळ घेतलं. म्हणाली, "मी. माझं पहिलं नाव नकोशी होतं. मला ते आवडायचं नाही, म्हणून मी बदललं."

जुईनं आजीकडं बघितलं, आईकडं बघितलं, बराच विचार केला.

"मग आजीनं त्या नावानं हाक मारली, तर तू एवढी पळत का आलीस?"