छतावरचा काळा डाग

...आणि वर बायको मलाच म्हणते, "अहो, छताकडे बघत काय बसलात, पुसा ना!" अरे, सुट्टी होती हो माझी!

तुम्हाला सांगतो, औषधाच्या दुकानात उभं राहून राहून पायांचे खांब झालेत, "जेवणाआधी नाही, जेवणानंतर" सांगून जीभ झिजलीय, एक दिवस सुट्टी मिळाली, म्हटलं पाय पसरून झोपू, तर दारात मेहुणा! बाटली छातीशी धरलेली, तान्हं बाळ धरावं तशी. "दाजी, स्वतः बनवलीय. काळी बिअर, एकदम कडक! शेवटची उरलीय, तुमच्यासाठी ठेवली. तुम्ही चांगली म्हणालात की नोकरी सोडतो आणि हाच धंदा करतो!" आता मला सांगा, विमा कचेरीत याला खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे, आणि याच्या नोकरीचा निकाल मी लावायचा?

तेवढ्यात बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं. "बेकार आहे म्हणून सांगा, नाहीतर हा नोकरी सोडून आपल्याकडेच येऊन बसेल. पण त्याचं मन दुखवू नका हं, एकुलता एक भाऊ आहे माझा!" म्हणजे तोंड वाकडं करायचं, पण प्रेमाने! कसं करतात हो ते? सुट्टी होती माझी!

बाहेर आलो तर याचं व्याख्यान सुरू. "दाजी, घाई नाही करायची. आधी वास. मग एकच घोट, जिभेवर घोळवायचा... आधी कॉफी लागेल, मग करपलेली साखर, आणि अगदी शेवटी जुनं लाकूड..." जुनं लाकूड? मी काय वाळवी आहे? पण म्हटलं आटपू एकदाचं, चाखू, नाक मुरडू, झोपू. बाटली घेतली हातात, आणि तिथेच घात झाला! अहो, सगळी हयात गेली बाटल्या देण्यात. काचेची बाटली, आत काळं औषध, तळाला गाळ... हाताला दुसरं काही ठाऊकच नाही! गिऱ्हाइकाला सांगतो ना, "चांगली हलवून घ्या", तशी हलवली. चांगली! मेहुणा ओरडतोय, "दाजी नको, दाजीऽऽ!" आणि मी म्हणतोय, "गप रे, हलवल्याशिवाय गुण येत नाही," आणि उघडलं झाकण...

फस्सऽऽ! छत, पडदे, गादी, बायको! त्यात पंखा चालू, म्हणजे कुणी सुटायचा प्रश्नच नाही.

मिशीवरून एक ओघळ ओठावर आला, तो चाटला, आणि काय सांगू तुम्हाला... कॉफी! करपलेली साखर! आणि अगदी शेवटी, देवाशपथ, जुनं लाकूड! तोंडातून निघूनच गेलं, "आहाहा!" बायकोने डोळे वटारले, पण मी तोवर मनगटापर्यंत पोचलो होतो चाटत. मेहुण्याने मला कडकडून मिठी मारली, दोघं एकमेकांना चिकटलो, आणि तसाच, एका हाताने, त्याने साहेबाला फोन लावला. नोकरी सोडली!

आता तो आमच्याकडेच आहे. बाथरूममध्ये बिअरचं पिंप लावलंय, आंघोळीला मी शेजाऱ्यांकडे जातो. बायको बोलत नाही, बोलली तर फक्त छताबद्दल. काल दुकानात एक आजोबा आले, खोकल्याचं औषध घेतलं, विचारतात, "हलवून घ्यायचं ना हो?"

म्हटलं, "घ्या आजोबा, घ्या हलवून... फक्त सुट्टीच्या दिवशी नको!"