मडगार्डवरचा चहा

आमी मूळचं आष्ट्याचं. बाप नालबंद. बाजाराच्या दिवशी बैलांच्या खुरांना पत्री ठोकायचा, आनि बैल चार पावलं चालला की मान वर न करता सांगायचा, मागचा डावा पाय दुखतोय ह्याचा. नुसत्या पावलांच्या आवाजावरनं. तर काय सांगू तुमाला, कान हीच आमच्या घरातली इस्टेट, शेत न्हाई, मळा न्हाई, कान. मला यंत्राचं याड लागलं म्हनून बानं साताऱ्याला धाडलं, पोवई नाक्याच्या खालच्या अंगाला एका उस्तादांचं ग्यारेज हुतं, तितं ऱ्हायलो. उस्ताद मिलिट्रीतनं आलेलं, लय कडक, बोलायचं कमी आनि पाना फेकून मारायचं जास्ती.

आता म्हनं गाडीला एक डबडं जोडत्यात आनि त्यात आकडा उमटतो, अमुक नंबरच्या सिलिंडरात दोष हाय. आमच्या टायमाला डबडं म्हंजे हे दोन कान. गाडी मिसिंग मारतीया म्हंजे काय, तर चारातलं तिघं वढत्यात आनि चौथा बसून खातोय. त्यो कोन ते हुडकायचं. इंजिन चालू ठेवायचं आनि एकेका प्लगची वायर काढून बगायची. काम करनाऱ्याची वायर काढली की इंजिन कळवळतं, आवाज पडतो. कामचुकाराची काढली तर काय बी फरक पडत न्हाई. आवं, मानसांचं तरी येगळं काय हाय. बाकीच्यांना धा येळा वायरी काढाव्या लागायच्या, मला एकदाच. लय गर्व हुता मला त्याचा, खोटं कशाला बोलू.

माजं लगीन बी मिसिंगपायीच जमलं. पोरगी कोयनानगरची, तिचा बाप धरनाच्या वसाहतीत वायरमन. उस्तादांची जीप घिऊन बगायला गेलो तर घाट चढताना जीपच मिसिंग मारायला लागली. मिस्त्रीचीच गाडी, लाजंनं मेलो. बंद केली तर परत चालू हुईल का न्हाई म्हनून दारात तशीच चालू ठेवली. त्यांची पत्र्याची खोली, जीप पार दाराला चिकटलेली, आतली मांडनीवरची भांडी वाजाय लागली. आता ही कोयनेची मानसं, मोठा धरनीकंप बगितलेली, भांडं वाजलं की आदी भाईर आनि मग इचार. सासरा भाईर, सासू भाईर, शेजारपाजार भाईर, एक म्हातारी तर आमच्या जीपलाच घट्ट धरून हुबी ऱ्हायली, म्हंजे जे हलवतंय तेच धरून. पोरगी तेवडी एकटी आत. ती सावकाश दारात आली आनि म्हनाली, अब्बा, धरनीकंप न्हवं, ह्यांची गाडी हाय. फळीवर पान्यानं भरलेला पेला ठेवायची चाल हुती त्यांच्यात, हादरा खरा का खोटा ते पान्यावर बगायचं. धरनीकंपाला पानी झोका घेतंय, ह्यांच्या गाडीनं मदीच उचकी देतंय, असं म्हनाली. मी तितंच पसंत म्हनून टाकलं, पोहे यायच्या आदीच. तीच ही जैबून, आत बसलीया, समदं ऐकत असनार.

लग्नाला वरीस झालं नसंल, ट्रकच्या चाकात हवा भरताना टायर फुटला, माज्या उजव्या कानाशीच. हातपाय शाबूत, कान गेला. आनि डावा बी हळूहळू मावळत चालला. कुनाला सांगू? कान गेला म्हंजे मिस्त्री गेला. मी गप. उस्ताद काय बी बोललं की, व्हय उस्ताद. एका गाडीचा चांगला प्लग फेकून दिला आनि मेलेला तसाच ठेवला, ती मेढ्याच्या म्होरं जाऊन परत बसली. उस्तादांनी माज्याकडं नुसतं बगितलं आनि म्हनलं, उद्या महाबळेश्वरच्या हाटेलवाल्याची जीप येनार हाय, समद्यांसमोर तू एकट्यानं बगायची.

घरी आलो आनि जैबूनपुडं रडलो. आता आष्ट्याला जाऊन बैलांचं पाय धरायचं, म्हनलं. तिनं पेला भरला, माज्या म्होरं ठेवला, फळीवर मूठ आपटली. पानी थरारलं. म्हनाली, कान गेलं तर गेलं, डोळं हायती न्हवं? मडगार्डवर ठेवा आनि बगा. मी म्हनलं, लोक इचारतील की पान्याचा पेला कशाला. तर म्हनाली, मग चहा ठेवा, मिस्त्रीच्या चहाला कोन इचारतंय.

सकाळी जीप आली. सहा-सात मानसं भोवतीनं हुबी. मी चहा मागवला, ग्लास मडगार्डवर ठेवला, छाती अशी धडधडत हुती की ती तेवडी ऐकू येत हुती. पैली वायर काढली, चहा उसळला. परत लावली, दुसरी काढली, उसळला. तिसरी काढली, तर चहाला पत्ताच न्हाई, जशी उचकी हुती तशीच. तीन नंबर, म्हनलं मी. प्लग काढला तर काळा, तेलानं माखलेला. नवा घातला आनि चहावर अशा बारीक बारीक गोल रेघा उटल्या, एकसारख्या. इतका आनंद मला लग्नात बी झाला न्हवता, आनि हे जैबूनला ठावं हाय.

मग काय, चहाशिवाय दस्तगीर मिस्त्रीचं डोकं चालत न्हाई असं सातारभर झालं. गिऱ्हाईक बानेट उगडायच्या आदी चहा सांगायचं. नाक्यावरचं दुसरं मिस्त्री बी चहा प्याय लागलं, त्यांना वाटलं गुन चहातच हाय.

पाच-सहा वर्सांनी उस्ताद थकलं, गावाकडं निघालं. किल्ल्या माज्या हातात दिल्या. चहा मागवला, ग्लास मडगार्डवर ठेवला, माज्या डाव्या कानाशी तोंड आनलं आनि मोट्यानं म्हनलं, आज इंजिन बंद हाय दस्तगीर, आज तरी गरम पी.

मी इचारलं, कवापासनं ठावं तुमाला? तर म्हनलं, पैल्या दिवसापासनं. चहा मागवून एक घोट न पिता गार करनारा मिस्त्री मी दुसरा बगितला न्हाई. मी म्हनलं, मग काढलं का न्हाई मला? उस्ताद पैल्यांदा हसलं. म्हनलं, तुजी वायर काढली असती तर ग्यारेज कळवळलं असतं गड्या. मी त्यांच्या गळ्यात पडून रडलो, समद्यांच्या देखत.

आता कानात मशीन हाय, पोरींची लग्नं झाली, जैबून अजून फळीवर पेला भरून ठेवती, सवय म्हना. देवानं बक्कळ दिलं, तुमच्या बी घरात असंच सुख नांदू दे. आनि लिहिनं थांबवा जरा, चहा घ्या तो. मी जन्मभर गार केला, आता कुनाला करू देत न्हाई.